एक दिवस दर्यावर

विदर्भात जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात समुद्राला सहसा स्थान नसते. आमचे राजूर हे यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील गाव. जवळून वाहणारी वर्धा नदी आमच्याकडचे पाणी नेते, तेही पूर्वेच्या समुद्राकडे. पश्चिमेचा समुद्र तर आम्हांला केवळ नकाशातील निळ्या रंगापुरता ठाऊक. कोळसा आणि चुना या दोन वस्तूंनी राजूरला ओळख दिली. खाणीतून घरी परतणारा माणूस काळा आणि भट्टीवरून परतणारा पांढरा, हे दृश्य पाहतच आमची पिढी लहानाची मोठी झाली.

माझे वडील पांढऱ्या माणसांपैकी. चुन्याच्या भट्टीवर त्यांनी चाळीस वर्षे काढली. फोडलेला चुनखडक आणि कोळसा यांचे एकाआड एक थर भट्टीत रचावयाचे, खालून आग द्यावयाची, आणि दगड पुरता भाजून निघाला की तळाच्या तोंडातून कळीचा चुना काढावयाचा, असे हे काम. भट्टीच्या पोटातील दगड दिसत नाही. परंतु वर येणाऱ्या धुराच्या रंगावरून आणि तोंडाशी लागणाऱ्या धगीवरून दगड शिजला की कच्चा राहिला, हे बाबा अचूक सांगत. या विद्येचे मोल त्यांच्या छातीने दिले. बहात्तराव्या वर्षी दहा पायऱ्या चढल्या तरी त्यांना दम लागे.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वणी परिसरातील चुनखडक कसा घडला, याविषयी मी एकदा घरी बोलत होतो. भूशास्त्रज्ञ सांगतात की, शंभर कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही आधी, या भागावर उथळ समुद्र पसरलेला होता. शंखशिंपले धारण करणारे प्राणी तेव्हा पृथ्वीवर जन्मलेही नव्हते. पाण्यात विरघळलेला चुना सूक्ष्म गाळ होऊन थरांवर थर तळाशी बसत गेला आणि कालांतराने त्याचा खडक झाला. कोळसा त्या मानाने अलीकडचा. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील अरण्ये गाडली जाऊन तो तयार झाला. बाबा हे सारे निमूटपणे ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, “म्हंजे मी जन्मभर समुद्राचा तळच भाजत होतो म्हन. मंग तो समुद्र एक डाव पायला पायजे बाप्पा.”

त्यांनी आजवर माझ्याजवळ काही मागितले नव्हते. हिवाळ्याच्या सुटीत त्यांना कोकणात न्यावयाचे मी त्याच दिवशी ठरविले. डॉक्टरांनी थोडी कुरकुर करून परवानगी दिली. कॉलेजात शिकणारा माझा भाचाही सोबतीला निघाला. आगगाडीने मुंबई, तेथून १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस. टी.ने मालवण असा प्रवास करून आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्राकाठी पोहोचलो. अंधार पडला होता. बाबांना त्या रात्री समुद्र दिसला नाही. नुसता ऐकू आला. बराच वेळ ते खिडकीशी बसून होते.

दिवसभरासाठी एक नौका भाड्याने घ्यावी, सिंधुदुर्ग किल्ला पाहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस निवतीपर्यंत जावे आणि जमल्यास वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत मजल मारावी, असा आमचा बेत होता. खोल समुद्रातील त्या खडकांवर दीपगृह आहे. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात, असे भाच्याने कोठेतरी वाचले होते आणि ती जागा पाहण्याचा त्याने ध्यासच घेतला होता. एका वयस्क तांडेलाशी बोलणे झाले. यंत्राची लहान होडी, सोबत त्यांचा मुलगा आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट, असे ठरले. भाड्याची घासाघीस फारशी झाली नाही. शेवटी ते एवढेच म्हणाले, “खयपर्यंत जावचा ता दर्यो सांगतलो. मी आधी सांगूचंय नाय.”

तिथी अष्टमी होती. तांडेलांनी बोटांवर हिशेब करून सांगितले की सकाळी सहाच्या सुमारास भरती पुरी होईल आणि बाराला ओहोटी. मी त्यांना रीत विचारली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते; आठाची पाऊणपट सहा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरते, हे मी वर्गात शिकवीत आलो होतो. ते सारे गणित या एका पाऊणपटीत कसे बसविले आहे, हे पाहून मला मोठी मौज वाटली. अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढते व खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. अष्टमीचा दिवस आपल्याला लाभाचा, असेही ते म्हणाले.

दिवस उजाडताना आम्ही धक्क्यावर आलो. रात्री फक्त आवाजाने ओळखीचा झालेला समुद्र आता समोर उघडा पडला होता. बाबा काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, जिभेला लावले आणि हसले. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा गार वारा अजून चालू होता. कोकणात त्याला मतलई म्हणतात. या वाऱ्याने लाटा दबून राहतात, म्हणून सकाळचा समुद्र शेतातल्या वाफ्यासारखा सपाट दिसतो. रात्रभर मासेमारी करून परतणाऱ्या होड्या आमच्या बाजूने जात होत्या. त्यांच्यावर घारी व कुरव पक्षी घिरट्या घालीत होते.

काही मिनिटांतच आम्ही सिंधुदुर्गाच्या दारी लागलो. मालवणच्या समोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याभोवती जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा नागमोडी तट. उंची सुमारे ३० फूट आणि रुंदी १२ फूट. महाद्वार अशा बेताने वळवून बांधले आहे की, अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसतच नाही. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, असे सांगतात. चहूकडे खारे पाणी असताना आतील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना मात्र गोडे पाणी आहे.

मी भाच्याला हा इतिहास सांगत होतो; बाबांचे लक्ष तटाकडे होते. दगडांच्या सांध्यांवरून ते नखाने हळूच रेघ ओढून पाहत. कळीचा चुना पाण्यात विझवून, वाळू मिसळून, बैलाच्या घाणीत मळून जुन्या काळी बांधकामाचा चुना सिद्ध करीत. खडक दूर असेल तेथे किनाऱ्यावरचे लोक शिंपले भाजूनही चुना काढीत. बाबांना घाणीचा चुना लहानपणापासून ठाऊक होता. ते भाच्याला समजावू लागले की, भट्टीत दगडातील जो वायू आपण धुराबरोबर घालवितो, तोच भिंतीतला चुना हवेतून हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माझ्या वडिलांनी रसायनशास्त्राचे हे सूत्र कामगाराच्या भाषेत इतके नेमके सांगितले की मला त्यात भर घालण्यासारखे काही उरले नाही.

किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आहे. तसेच चुन्यावर उमटलेले हाताचे व पायाचे ठसे जपून ठेवलेले आहेत. ते शिवाजी महाराजांचे म्हणून सर्वत्र मानले जातात. बाबा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर दम घेण्यासाठी ते तटाच्या सावलीत बसले आणि म्हणाले, “चुना वला होता तवाच हात ठेवला असन. घटकाभर उशीर झाला असता तं काही उमटलं नसतं.” एवढ्या मोठ्या किल्ल्यात एका भट्टीवाल्याला त्या ओल्या चुन्याची घटका दिसावी, याचे मला कौतुक वाटले.

किल्ल्याला वळसा घालून होडी खडकांच्या उथळ जागी थांबली. येथील समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तांडेलांच्या मुलाने तळाला काच बसविलेली एक पेटी पाण्यावर धरली आणि आम्ही पाळीपाळीने तिच्यातून पाहिले. पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती होत्या. काही तपकिरी, काही हिरवट, आणि त्यांच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे ये-जा करीत होते. मध्येच काही वसाहती पांढऱ्याफटक दिसल्या. भाच्याला त्याच अधिक सुंदर वाटल्या. त्यावर तांडेलांचा मुलगा म्हणाला की, ते सौंदर्य नव्हे, आजार आहे. प्रवाळाचा प्राणी स्वतः रंगहीन असतो. त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला रंग देतात आणि अन्नही देतात. पाणी फार काळ अधिक तापले की ही शैवाले निघून जातात आणि आतला चुन्याचा सांगाडा उघडा पडतो. उष्णता लवकर ओसरली तर प्रवाळ सावरतो. न ओसरली तर मरतो.

“पानी कायनं तापते?” बाबांनी विचारले.

उत्तर मला देणे भाग होते. कोळसा व तेल जाळल्याने जो वायू हवेत जातो, त्याने पृथ्वीची उष्णता कोंडली जाते आणि तिचा बहुतांश समुद्रात साठतो. माणसाने सोडलेल्या त्या वायूचा सुमारे चौथा भाग समुद्र स्वतःत विरघळवून घेतो. पण त्यामुळे त्याचे पाणी हळूहळू पालटते आणि प्रवाळांना व शिंपल्यांना चुन्याचे घर बांधणे अवघड होते. चुन्याची भट्टी या हिशेबात दोनदा येते. तिच्यात कोळसा जळतो तो एक, आणि दगडातूनही तोच वायू निघतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर सुमारे ५६ किलो चुना हाती येतो. उरलेले ४४ किलो वायुरूपाने हवेत जातात.

बाबांनी पुन्हा एकदा पेटीतून पाहिले. “चव्वेचाळीस,” ते स्वतःशीच म्हणाले. “वजनातली ही घट आमाले रोज दिसे. जाते कुठं, हे कोनी सांगतलं नाही.” त्यांच्या स्वरात दुःख होते की नुसते आश्चर्य, हे मला कळले नाही. त्यांच्या त्या चाळीस वर्षांवर आमच्या घरातील चार मुले शिकली, आणि त्या चुन्याने कित्येकांची घरे उभी राहिली, हेही तितकेच खरे होते.

होडी दक्षिणेकडे निघाली. डाव्या हाताला तारकर्लीची पांढरी वाळू आणि तिच्यामागे माडांची व सुरूंची गर्द रांग. एके ठिकाणी रापण ओढणे चालले होते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबच लांब जाळे काठावरील माणसे दोन्ही टोकांनी ओढीत होती. रापणीत अनेक कुटुंबांचा वाटा असतो आणि मिळालेली मासळी सर्वांत वाटली जाते. थोडे पुढे गेल्यावर डॉल्फिनांचा एक कळप पाण्यातून पाठी वर काढून पुन्हा बुडाला. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड त्यांच्यावरून संथपणे उडत गेला. देवबागची चिंचोळी जमीन संपते तेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी वाळूचा एक उंचवटा वर येऊ लागला होता. २००४ च्या त्सुनामीनंतर हे बेट वर आले असे येथील लोक सांगतात, आणि त्यावरूनच त्याला नाव पडले आहे.

भोगव्याचा किनारा मागे पडून निवतीच्या किल्ल्याचा डोंगर समोर आला, तेव्हा अकरा वाजले असतील. दूर नैर्ऋत्येस वेंगुर्ल्याच्या खडकांचे ठिपके दिसत होते. भाचा नाळेवर उभा राहून आनंदाने ओरडला. तांडेल मात्र उलट्या दिशेला पाहत होते. वायव्येकडे पाण्याची कड काळसर झाली होती. समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा एरवी दुपारी सुटतो. आज तो दोन घटका आधीच निघाला होता. त्यांनी यंत्राची गती कमी केली. “वारो फिरलो. आता भायर जावक नको.”

भाच्याने पुष्कळ आर्जव केले. समुद्र अजून शांत आहे, खडक समोर दिसत आहेत, वाटल्यास भाडे अधिक देऊ, असे तो परोपरीने सांगू लागला. तांडेल रागावले नाहीत. जाताना वारा पाठीशी असेल, पण परतताना तोच तोंडावर येईल. लहान होडीला तेव्हा लाटांशी झुंजावे लागेल आणि होडीत एक म्हातारा माणूस आहे, एवढे त्यांनी सांगितले. मीही मनातून खट्टू झालो होतो. इतक्या लांबून येऊन समोर दिसणारी जागा सोडावयाची, हे जिवावर येत होते. तेवढ्यात बाबा भाच्याला म्हणाले, “पोरा, भट्टी कवा उघडाची हे भट्टीवाल्यालेच इचाराव लागते. मालक घाई करते, पन आगीत हात भट्टीवाल्याचा असते.” मग तांडेलांकडे वळून ते म्हणाले, “दादा, तुमी म्हनान तसं.” बाबांची वऱ्हाडी त्यांना कितपत कळली कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली आणि होडी निवतीच्या डोंगराआड वळविली.

डोंगराच्या आडोशाला पाणी निवांत होते. नांगर टाकून आम्ही भाकरी सोडली. तासाभरात आडोशाबाहेर पांढऱ्या फेसाचे तुरे दिसू लागले, तेव्हा भाचा आपण होऊन तांडेलांजवळ जाऊन बसला आणि त्यांना वाऱ्यांची नावे विचारू लागला. दोघे वृद्ध आपापल्या धंद्याविषयी बोलले. पूर्वी काठाजवळ मिळणारी मासळी आता दूर गेली. मोठ्या यांत्रिक नौका एका फेरीत इतके मासे उपसून नेतात की लहान होडीच्या वाट्याला फारसे उरत नाही, असे तांडेल सांगत होते. आपल्या मुलाने मासेमारी करावी की केवळ प्रवासी न्यावेत, याचा निर्णय त्यांना करवत नव्हता. बाबांनी त्यांना भट्ट्यांची हकीकत सांगितली. एक मालवणीत बोले, दुसरा वऱ्हाडीत, आणि अडले की दोघेही माझ्याकडे पाहत.

बाराची ओहोटी उलटून पाणी चढू लागेपर्यंत निघावयाचे नव्हते. कर्लीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. ओहोटीला त्याच्यावर पाणी उथळ होते आणि बाहेरून येणारी लाट तेथे फुटते. तीनच्या सुमारास आम्ही निघालो. वारा तोंडावर होता. होडीची नाळ वर उचलली जाई आणि धाडकन खाली आपटे. खारे पाणी अंगावर उडत होते. बाबांना मी धरून बसलो होतो. त्यांचा श्वास जोराने चालला होता आणि मला भीती वाटू लागली होती. मुखाजवळ येताच तांडेलांनी होडी थांबविल्यासारखी केली. एक लाट गेली, दुसरी गेली. ते मागे वळून लाटा मोजीत होते. एक मोठी लाट बांधावर फुटून पसरली, त्यासरशी त्यांनी यंत्राला पूर्ण गती दिली आणि तिच्या पाठीवरून होडी आत शिरली. क्षणभर दोन्ही बाजूंना फेस उसळला आणि दुसऱ्याच क्षणी आम्ही नदीच्या शांत पाण्यात होतो. सकाळी वर आलेला वाळूचा उंचवटा आता निम्मा बुडाला होता.

बाबांचा श्वास निवळावयास काही वेळ लागला. पण त्यांचा चेहरा प्रसन्न होता. “यानं लाट पायली नाही, लाटेमागची जागा पायली,” ते तांडेलांकडे बोट दाखवून म्हणाले. एका कसबी माणसाने दुसऱ्या कसबी माणसाला दिलेली ती पावती होती.

देवबागच्या काठावर उतरताना भाडे देऊन झाले, तरी तांडेल रेंगाळले. खिशातून त्यांनी समुद्राने झिजवलेला एक पांढरा शिंपला काढून बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो अंगठ्याने घासून पाहिला. आज तो शिंपला राजूरला आमच्या देवळीत आहे. त्याच्याशेजारी भट्टीजवळचा चुनखडकाचा एक तुकडा बाबांनी आणून ठेवला आहे. घरी येणाऱ्या मुलांना ते दोन्ही वस्तू हातात देतात. दोहोंतले द्रव्य एकच, असे सांगतात. आणि भट्टीतून हवेत जाणाऱ्या त्या चव्वेचाळीस भागांची गोष्टही, काही न लपविता, त्याच ओघात सांगतात. मुले विचारतात, “मग भट्टी बंद करावी काय?” बाबा म्हणतात की, त्यांना जे ठाऊक होते त्यावर त्यांनी आपला जन्म काढला, आता अधिक ठाऊक झाले आहे, तेव्हा कमी धुराचा मार्ग शोधणे हे शिकलेल्यांचे काम.

वेंगुर्ल्याचे खडक आम्ही पाहिले नाहीत. ते पाहण्यास भाचा पुन्हा जाणार आहे, आणि त्याच तांडेलांना विचारून.